बिजागरी बदलली आणि चार्जिंग थांबले : दुरुस्तीनंतर बिघडलेल्या एका लॅपटॉपचे प्रकरण

जुलैच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्यातील माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एक लॅपटॉप आला. कऱ्हाडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमचा तो होता. लॅपटॉपबरोबर त्यांनी वहीचे एक पान आणले होते आणि गेल्या सहा आठवड्यांत काय काय घडले ते त्यावर तारखेनुसार लिहून ठेवले होते. एवढी काळजीपूर्वक ठेवलेली नोंद ग्राहकाकडून क्वचितच मिळते. या प्रकरणाचा उलगडा मोठ्या प्रमाणात त्या पानामुळेच झाला, म्हणून सुरुवात त्यापासून करतो.

मे महिन्यात लॅपटॉपची उजवी बिजागरी तुटली. झाकण उघडताना खालच्या कडेचे प्लास्टिक उचलले जाऊ लागले, म्हणून मॅडमनी तो एका दुकानात दिला. तेथे बिजागरी बदलण्यात आली. चार्जरची पिन जेथे बसते तो जॅक सैल वाटला म्हणून तोही बदलण्यात आला, आणि यंत्र उघडलेलेच आहे तर पंखा साफ करून प्रोसेसरवर उष्णता पुढे नेणारी नवी थर्मल पेस्टही लावण्यात आली. तोपर्यंत चार्जिंगची किंवा पंख्याची कोणतीही तक्रार नव्हती, ही गोष्ट मी मुद्दाम दोनदा विचारून घेतली.

दुरुस्तीनंतरच्या नोंदी अशा होत्या. चार्जर लावलेला असूनही बॅटरी ६१ टक्क्यांवर थांबून राहते आणि पडद्यावर ‘जोडलेले आहे, चार्ज होत नाही’ असे दिसते. काही दिवस यंत्र इतके मंद चालते की साधी फाइल उघडायलाही मिनिट लागते. काही दिवस ते नीट चालते, पण पंखा घोंघावत राहतो आणि तळ मांडीवर ठेवता येत नाही इतका तापतो. दोनदा ऑनलाइन बैठकीत बॅटरी २० टक्क्यांच्या आसपास असताना लॅपटॉप अचानक बंद पडला. सर्वांत शेवटची नोंद त्यांनी प्रश्नचिन्हासह लिहिली होती : झाकण मिटून रात्रभर चार्जरला लावून ठेवला, तर कधी कधी सकाळी बॅटरी वाढलेली असते.

त्या पुन्हा त्याच दुकानात गेल्या, तेव्हा बॅटरी आणि पंखा दोन्ही बदलावे लागतील असे सांगून ७,८०० रुपयांचा अंदाज देण्यात आला. बोलताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या दिवशी यंत्र सुरू करताना चार्जरसंबंधी एक इंग्रजी सूचना दिसत होती. ती दुकानात दाखवल्यावर ‘घालवून’ देण्यात आली आणि पुन्हा दिसली नाही.

चार्जर लावून आणि चार्जर काढून

हे यंत्र १५.६ इंची पडद्याचे असून त्यात इंटेलचा कोअर आय५-८२६५यू हा प्रोसेसर होता. चार गाभ्यांचा, १५ वॅट उष्णता बाहेर टाकावी लागेल या हिशेबाने बनवलेला, मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आणि थोड्या वेळासाठी ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा. त्याच्या तापमानाची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सियस आहे आणि तिच्या जवळ पोहोचताच तो स्वतःच वेग कमी करतो. चार्जर १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअरचा, म्हणजे ६५ वॅटचा होता. बॅटरी तीन सेलची, ११.४ व्होल्टची आणि नवी असताना ४२ वॅट-तासांची होती.

मंदपणा आणि तापणे या दोन्ही तक्रारी एकत्र ऐकल्या की पहिला विचार असाच येतो की यंत्र तापते आणि म्हणून मंद होते. मॅडमच्या पानावर मात्र हे दोन्ही एकाच दिवशी घडल्याची एकही नोंद नव्हती. मंद दिवस वेगळे होते आणि तापण्याचे दिवस वेगळे. चार्जर लावला होता की नव्हता, एवढेच त्या पानावर नव्हते. म्हणून यंत्र न उघडता मी आधी तेच पाहायचे ठरवले. यंत्रातील तापमान आणि वेग दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा मोफत मिळणारा प्रोग्राम सुरू केला, प्रोसेसरवर सारखाच भार टाकला आणि दहा-दहा मिनिटांची दोन निरीक्षणे घेतली : एक चार्जर लावून, एक चार्जर काढून.

चार्जर लावल्यावर प्रोसेसरचा वेग ०.४ गिगाहर्ट्झवर खिळून राहिला. तापमान फक्त ४७ अंश होते आणि पंखा जेमतेम फिरत होता. चार्जर काढताच वेग क्षणात ३ गिगाहर्ट्झच्या पुढे गेला, ४० सेकंदांत तापमान ९८ अंशांवर पोहोचले, पंखा मिनिटाला सुमारे ४,९०० फेऱ्यांनी घोंघावू लागला आणि मग वेग हळूहळू उतरत १.३ गिगाहर्ट्झपर्यंत आला.

म्हणजे येथे एकमेकांना झाकणारे दोन स्वतंत्र दोष होते. चार्जर लावला असताना यंत्र मंद होते ते तापल्यामुळे नव्हे, कारण ते थंड होते. दुसरे कोणीतरी प्रोसेसरला थांबवून धरत होते. आणि चार्जर काढला असताना उष्णता बाहेर जात नव्हती, पण याला पंखा फिरत नसल्याचे कारण देता येत नव्हते, कारण पंखा पूर्ण वेगाने फिरत होता. बॅटरी आणि पंखा बदलून यांतला एकही दोष गेला नसता.

थंड असतानाही प्रोसेसरला कोण थांबवते, याचे उत्तर मदरबोर्डच्या, म्हणजे यंत्रातील मुख्य सर्किट बोर्डच्या, रचनेत आहे. प्रोसेसरला एक संकेताची तार असते. तो स्वतः तापला की ती खेचली जातेच, पण बोर्डवरील इतर भागांनाही तीच तार खेचून ‘वेग कमी कर’ असे सांगता येते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये हा बाहेरून आलेला संकेत वेगळा दिसतो, आणि चार्जर लावलेला असेपर्यंत तो सतत चालू होता. अनेक लॅपटॉपमध्ये चार्जर ओळखता आला नाही की हेच घडते. चार्जर किती वॅटचा आहे हे यंत्राला कळत नाही, त्यामुळे त्याच्याकडून किती वीज ओढणे सुरक्षित आहे हेही कळत नाही. मग ते बॅटरी चार्ज करणे थांबवते आणि प्रोसेसरला किमान वेगावर बांधून ठेवते. ‘घालवलेली’ ती इंग्रजी सूचना बहुधा हेच सांगत असणार, असा माझा तर्क झाला.

बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन पाहिले तेव्हा चार्जरच्या प्रकारासमोर ‘अज्ञात’ असे लिहिलेले होते आणि चार्जरविषयक सूचना दाखवण्याचा पर्याय बंद केलेला होता. मी तो पुन्हा चालू केला. यंत्र पुन्हा सुरू करताच मॅडमनी पहिल्या दिवशी पाहिलेली सूचना जशीच्या तशी समोर आली : चार्जरचा प्रकार ठरवता येत नाही, बॅटरी चार्ज होणार नाही, यंत्र उपलब्ध विजेप्रमाणे आपला वेग कमी करेल. सहा आठवडे हे यंत्र आपला आजार स्वच्छ शब्दांत सांगू शकत होते आणि त्याचे तोंड बंद करण्यात आले होते. या प्रकरणात मला सर्वांत जास्त वाईट वाटले ते याचे.

असाच आणखी एक चुकीचा मार्ग आहे. थ्रॉटलस्टॉपसारख्या प्रोग्राममधून तो बाहेरचा संकेत न मानण्याचा पर्याय निवडता येतो आणि यंत्र लगेच वेगवान होते. चार्जिंग मात्र सुरू होत नाही, आणि खरोखरच कमी क्षमतेचा चार्जर लावलेला असेल तर त्याच्यावर त्याच्या कुवतीपलीकडे भार पडतो. दोष शोधताना क्षणभर करून पाहायला तो ठीक आहे. तसे करून यंत्र ग्राहकाच्या हाती देणे मला मान्य नाही.

तिसरी तार

सर्वांत सोपी शक्यता अर्थातच चार्जर बिघडल्याची होती. माझ्याकडच्या, त्याच जातीच्या आणि खात्रीच्या ६५ वॅटच्या चार्जरनेही ‘अज्ञात’च दाखवले, तेव्हा ती बाद झाली. पुढे मी एक चूक केली आणि तिच्यात तासभर गेला. यंत्र उघडून जॅकच्या वायरच्या बोर्डकडील टोकाला मल्टिमीटर लावला, १९.५ व्होल्ट मिळाले, आणि वायर ठीक आहे असे गृहीत धरून मी बॅटरीच्या कनेक्टरच्या आणि बोर्डवरील चार्जिंगच्या भागाच्या मागे लागलो.

व्होल्टेज योग्य असणे म्हणजे वायर पूर्ण ठीक असणे नव्हे. या प्रकारच्या चार्जरच्या गोल पिनमध्ये तीन संपर्क असतात : बाहेरची धातूची नळी ऋण, आतली बाजू धन, आणि अगदी मधोमध सुईसारखी एक बारीक पिन. ही मधली पिन वीज पुरवत नाही. चार्जरमध्ये एक इवलीशी चिप असते, तीत त्याच्या क्षमतेची माहिती साठवलेली असते आणि ती माहिती या पिनमधून यंत्राकडे जाते. जॅकपासून बोर्डपर्यंत जाणाऱ्या वायरीत विजेच्या तारा जाड असतात, तर या संकेताची तार केसाएवढी बारीक असते. ती एकटी तुटली, तर दिवा लागतो, व्होल्टेज मिळते, यंत्र चालतेसुद्धा, पण ओळख मात्र पटत नाही.

मग ती तार जॅकच्या मधल्या पिनपासून कनेक्टरपर्यंत अखंड आहे का ते तपासले. मीटर वाजला, म्हणजे तार अखंड होती. निराश होऊन झाकण उघडले आणि आवाज थांबला. झाकण मिटले, पुन्हा वाजला. पानावरची प्रश्नचिन्हाची नोंद तेव्हा लागली : रात्री झाकण मिटलेले असे, म्हणून कधी कधी चार्जिंग होत असे.

बिजागरीचे स्क्रू सैल करून धातूचा पाय उचलताच कारण डोळ्यांसमोर आले. जॅकची वायर बिजागरीच्या शेजारून जाते आणि तिच्यासाठी प्लास्टिकमध्ये एक अरुंद खाच असते. नवी वायर त्या खाचेत न बसवता पायाच्या खालून घेतली होती आणि वरून तीन स्क्रू आवळले होते. झाकण उघडले की पाय किंचित वाकायचा आणि वायरीवर दाब यायचा. जाड तारांच्या आवरणावर फक्त वळ उठले होते. बारीक तार आतून तुटली होती आणि तिची टोके झाकणाच्या स्थितीनुसार एकमेकांना टेकत किंवा सुटत होती.

डाग देऊन ती तार जोडता आली असती. पण जेथे रोज हालचाल होते अशा जागी, इतक्या बारीक तारेचा जोड फार काळ टिकत नाही, म्हणून जॅकसह पूर्ण वायर बदलली. ती ४५० रुपयांना मिळाली. ती खाचेत बसवून बिजागरी आवळल्यावर झाकण पन्नास वेळा उघडमीट केले आणि दर दहा वेळांनंतर बायोसमध्ये पाहिले. प्रत्येक वेळी ‘६५ वॅट’ असेच आले. चार्जिंग सुरू झाले आणि चार्जर लावून असताना वेग मोकळा झाला.

पंखा फिरत होता, वारा कोठे जात होता

वायर बदलल्याने पंख्याचा प्रश्न उलट वाढणारच होता, कारण आता यंत्र चार्जरवरही पूर्ण वेगाने चालून तापणार होते.

पंखा बदलण्याआधी एक साधी चाचणी मी नेहमी करतो. पातळ कागदाची पट्टी हवा बाहेर पडते त्या जाळीसमोर धरायची. ४,९०० फेऱ्यांना ती पट्टी चांगली आडवी उडायला हवी होती, पण येथे ती नुसती थरथरत होती. म्हणजे पाती फिरत होती, पण वारा बाहेर येत नव्हता. पंखा काढून पाहिला. पाती स्वच्छ होती, बेअरिंगचा आवाज नव्हता, चारही तारा शाबूत होत्या. ज्या पंख्याचे बदलणे ठरवले गेले होते, तो निर्दोष होता.

पंख्याचे तोंड आणि तांब्याच्या नळीला जोडलेल्या पातळ पत्र्यांचा जाळीदार गठ्ठा यांच्यामध्ये एक फट असते आणि कारखान्यात ती काळ्या चिकटपट्टीने बंद केलेली असते. साफसफाईसाठी पंखा वेगळा करायचा तर ही पट्टी काढावी लागते. पुन्हा जोडताना ती लावलीच नव्हती. त्यामुळे पंख्याने ढकललेली बरीच हवा पत्र्यांमधून बाहेर न जाता वरच्या फटीतून यंत्राच्या पोटातच परतत होती, आणि तीच गरम हवा पंखा पुन्हा ओढत होता. तळ इतका का भाजायचा याचे एक कारण हे होते.

दुसरे कारण हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, उचलल्यावर दिसले. प्रोसेसरच्या चकाकत्या पृष्ठभागावर पेस्टचा ठसा एका कोपऱ्यात पारदर्शक होण्याइतका पातळ, आणि समोरच्या कोपऱ्यात राखाडी लोण्यासारखा जाड होता. असा पाचरीसारखा ठसा म्हणजे हीटसिंक तिरका बसल्याची खूण आहे. पेस्टचे काम दोन पृष्ठभागांमधील सूक्ष्म खळगे भरण्यापुरतेच असते. ती स्वतः तांब्याच्या तुलनेत उष्णतेची फारच कमी वाहक आहे, त्यामुळे तिचा जाड थर मदत करत नाही, अडथळाच होतो. हीटसिंकच्या चार स्क्रूंजवळ १ ते ४ असे आकडे कोरलेले असतात आणि त्याच क्रमाने, प्रत्येकाला थोडे थोडे फिरवत ते आवळायचे असतात, म्हणजे दाब चारही बाजूंनी सारखा येतो. येथे तिसरा स्क्रू तिरका शिरून अर्ध्यातच अडकला होता. पहिला स्क्रू एकदम पूर्ण आवळला की समोरची बाजू उचलली जाते आणि मग असेच होते.

तो स्क्रू सावकाश उलटा फिरवून काढला. सुदैवाने आतले आटे शाबूत होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, प्रोसेसरच्या लांबट पृष्ठभागावर नव्या पेस्टची एक बारीक रेघ दिली आणि स्क्रू क्रमाने आवळले. एकदा पुन्हा उचलून ठसा पाहिला, तो सर्वत्र सारखा होता. मग पुसून पेस्ट नव्याने लावली. या दुसऱ्या खेपेला पाच मिनिटे जातात, पण तिच्याशिवाय हीटसिंक सपाट बसला आहे असे मी कोणाला सांगू शकत नाही. फटीवर उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी पॉलिमाइडची पट्टी चिकटवली. काही जण येथे ॲल्युमिनियमची चमकदार पट्टी लावतात. ती सुटून बोर्डवर पडली तर काय होईल याचा विचार करता मी ती वापरत नाही.

जोडणी पुरी झाल्यावर तीच चाचणी पुन्हा घेतली. वीस मिनिटांच्या अखंड भारानंतर तापमान ८० अंशांच्या आसपास स्थिरावले, प्रोसेसर त्याचे पूर्ण १५ वॅट घेत २.३ गिगाहर्ट्झवर टिकून होता, पंखा ३,९०० फेऱ्यांवर होता आणि कागदाची पट्टी आडवी उडत होती.

उरलेला प्रश्न बॅटरीचा

२० टक्के दाखवत असताना यंत्र अचानक बंद पडणे, ही एकच तक्रार आता उरली होती. बॅटरी हाताळताना तिचा आकार आधीच पाहिला होता. टचपॅड वर आलेला नव्हता, सपाट टेबलावर यंत्र डुगडुगत नव्हते, सेलवर फुगवटा नव्हता. फुगलेली बॅटरी असती तर पुढचे काहीही न करता ती काढून ठेवणे, एवढेच योग्य ठरले असते. कोणत्याही परिस्थितीत तिला धातूच्या टोकाने उचकटू नये.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेला ‘बॅटरीरिपोर्ट’ हा पर्याय जोडला की बॅटरीचा पूर्ण अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता ४२ वॅट-तास आणि सध्याची पूर्ण क्षमता २७.३ वॅट-तास, म्हणजे ६५ टक्के, अशी दिसली. या आकड्यावर लगेच विश्वास ठेवणे बरोबर नव्हते. बॅटरीतली मोजणारी चिप आत-बाहेर जाणाऱ्या विद्युतप्रवाहाचा हिशेब ठेवते, आणि पूर्ण चार्ज व जवळजवळ रिकामी या दोन टोकांना पोहोचल्यावर तो हिशेब दुरुस्त करून घेते. सहा आठवडे ही बॅटरी अर्धवट भरत आणि अर्धवट उतरत होती, त्यामुळे तिचा हिशेब वाहवत गेला होता. पडद्यावर २० टक्के दिसत असताना प्रत्यक्षात ती त्याहून बरीच रिती असे, आणि बैठकीत प्रोसेसरने जास्त वीज मागितली की व्होल्टेज खाली येऊन यंत्र बंद पडे.

म्हणून ती एकदा १०० टक्क्यांपर्यंत भरली, दोन तास तशीच चार्जरवर ठेवली, मग साध्या कामावर यंत्र स्वतः झोपी जाईपर्यंत उतरू दिली आणि न थांबता पुन्हा भरली. असे वारंवार करणे लिथियम बॅटरीला हिताचे नाही, पण हिशेब जुळवण्यासाठी एकदा करण्यात हरकत नसते. दुसऱ्या फेरीनंतर पूर्ण क्षमता ३०.६ वॅट-तास, म्हणजे ७३ टक्के नोंदवली गेली. चार वर्षे वापरलेल्या बॅटरीसाठी हे वाईट नाही, आणि आजच तिच्यावर हजारो रुपये खर्च करण्याचे कारण मला दिसले नाही.

तळाचे झाकण लावताना आणखी एक गोष्ट आढळली. दोन लांबीचे स्क्रू अदलाबदल होऊन बसवले होते आणि एका लांब स्क्रूच्या टोकाने तळहात टेकतो त्या जागी आतून बारीकसा उंचवटा आणला होता. तो स्क्रू दोन बोटे डावीकडे असता तर थेट बॅटरीच्या सेलवर आला असता. मॅडमना ही जागा दाखवली, कारण त्यांनी ती माहीत असावी असे मला वाटले.

यंत्र परत देताना त्यांच्याच वहीच्या पानावर, त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली, मी दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे आकडे लिहून दिले : चार्जर लावून व काढून प्रोसेसरचा वेग, तापमान, पंख्याच्या फेऱ्या, बायोसमध्ये दिसणारी चार्जरची क्षमता आणि बॅटरीची पूर्ण क्षमता. तुटकी वायर पिशवीत घालून तीही सोबत दिली. वायर, पेस्ट आणि मजुरी धरून १,३५० रुपये झाले. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, तेव्हा त्यांनी अहवाल स्वतः काढला होता. पूर्ण क्षमता ३०.४ वॅट-तास होती, चार्जर लावला की लगेच चार्जिंग सुरू होत होते, आणि दीड तासाच्या बैठकीत यंत्र १४ टक्क्यांपर्यंत उतरूनही बंद पडले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा एकदा अहवाल काढून, क्षमता २५ वॅट-तासांच्या खाली गेलेली असेल तरच नवी बॅटरी घ्यायची, असे आमचे ठरले आहे.